हसुदादांचा बांबू

गाडी बघायला जाताना लोक सोबत बायकोला नेतात, ओळखीचा मेकॅनिक नेतात. ज्यांना काहीच नेता येत नाही ती माझ्यासारखी माणसं नुसतंच तोंड नेतात. आमचे घरमालक हसुदादा बांबू नेतात.

बांबू साधाच. वाळून पिवळा पडलेला, माणसापेक्षा हातभर उंच, आणि वरच्या टोकापासून जरा खाली एक लाल फडकं घट्ट बांधलेलं. शोरूमच्या काचेच्या दारातून तो आधी आडवा आत जातो. मग उभा राहतो. मग गाडीला टेकतो. फडकं टपाच्या खाली राहिलं की हसुदादा सेल्समनकडे बघतसुद्धा नाहीत. माझ्याकडे बघून म्हणतात, "बांबू नाय बोलला." आणि आम्ही बाहेर.

गाडीही साधी नव्हे. हसुदादांना झोपायची गाडी हवी होती. जिच्यात पलंग असतो, पंखा असतो, हात धुवायला भांडं असतं आणि जिला चाकं असतात, अशी. ती त्यांना स्वतःसाठी नको होती. बायसाठी हवी होती.

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हसुदादांना बायनेच वाढवलं, आणि त्या गडबडीत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. हसुदादा रबाळ्याच्या कारखान्यात लागले, त्यांचं लग्न झालं, पुढे बायको गेली, मुलगा-सून कामोठ्याला फ्लॅट घेऊन राहायला गेली. घणसोली गावठाणातल्या त्यांच्या चार मजली घरात वर आम्ही भाडेकरू आणि तळमजल्यावर ही दोघं भावंडं, असा मामला उरला. मग बाय न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय बघून डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. तेव्हापासून ती खिडकीजवळच्या पलंगावर आडवी होती. जरा बसवलं तरी कळ मस्तकात जायची. येता-जाता आम्हाला दिसायचं की बाय त्या पलंगात दर महिन्याला थोडी आणखी बुडते आहे. म्हणजे गाडी हवी होती ती आडवं राहून प्रवास करता येईल अशी, आणि लवकर.

"न्यायचं कुठे आहे, हसुदादा?"

"लांब."

"किती लांब?"

"लय लांब. तुमाना नाय समजाचा, शिंदेसायेब."

मी मनात लडाख धरलं. माझ्या बायकोने काशी धरली.

या प्रकरणात मी शिरलो तो बायकोमुळे. तिने हसुदादांना सांगितलं, "यांना विचारा, हे रात्रंदिवस तेच व्हिडिओ बघतात." हे खरं होतं. महाप्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी परदेशातल्या लोकांना जंगलात गाडी उभी करून ऑम्लेट करताना बघायचो. स्वतः मी कधी गाडीत झोपलेलो नाही, म्हणजे चालवताना डुलकी लागली ती सोडून. पण ज्ञान असं सांडत होतं की कोणीतरी खाली भांडं धरायची खोटी.

मी हसुदादांच्या ओट्यावर बसून प्रकार समजावून सांगितले. पहिला, मोटारहोम. इंजिन आणि घर एकाच अंगात, बसएवढं. हसुदादांनी विचार केला. "म्हंजे वन रूम किचन, पन डायवर सकट." हो, म्हटलं. दुसरा, मागे जोडून ओढायची कॅरॅव्हॅन. आपण पुढे मोटारीत, घर मागे.

"बाय घरान आनी मी गारीन?"

"हो. चालत्या घरात माणूस बसवायची परवानगी नसते म्हणा, पण..."

"तिनं हाक मारली त माना आयकू कशी येल?"

याचं उत्तर कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मी घाईने तिसऱ्यावर आलो. साध्या मोटारीच्या टपावर उघडणारा तंबू, शिडीने वर चढायचं. बोलताना माझ्याच लक्षात आलं आणि मी जीभ चावली. आतून बायचा आवाज आला, "चरवा, चरवा माना शिरीवर. वरून थेट वर जाईन."

चौथी, कॅम्पर व्हॅन. मोठ्या व्हॅनमध्येच बेताचा संसार. ती हसुदादांना पसंत पडली. ते उठून आत गेले आणि बांबू घेऊन आले. मी पहिल्यांदा तो तेव्हा बघितला.

त्यानंतर रविवारमागून रविवार आम्ही गाड्या बघत हिंडलो. कळंबोलीला एका गॅरेजात व्हॅनचे कॅम्पर करून देत. तिथे मालकाने टप उंच केलेली व्हॅन कौतुकाने दाखवली, आत माणूस ताठ उभा राहतो म्हणाला. हसुदादा म्हणाले, "उबी ऱ्हानारी असती त गारी कनाला पायजे व्हती?" आणि बांबू लावला. बांबू नाय बोलला.

एका ठिकाणी भलं थोरलं मोटारहोम उभं होतं. त्याची उंची बघून बांबूने आधीच मान टाकली होती, पण मला आतला संडास बघायचा होता. दार ओढून घेतलं आणि कडी माझ्या हातात आली. आत मी, बाहेर कडीचा दुसरा तुकडा. मी ठोठावलं. बाहेर सेल्समन हसुदादांना सांगत होता की साउंडप्रूफिंग बघा, आतला आवाज कसा बाहेर येत नाही. हसुदादा म्हणाले, "येतोय की. आमचा भारेकरू हाय त्यो." शेवटी टपावरच्या छोट्या झरोक्यातून बांबू आत आला. त्याच्या टोकाने कडीच्या भोकातला, बोटाने न हलणारा खटका दाबून मी बाहेर आलो. त्या दिवशी तेवढा एकदाच बांबू माझ्याशी हो बोलला.

घरी आलं की हसुदादा बायच्या पलंगाशी स्टूल ओढून बसायचे आणि गाडी सांगायचे. बेसिन केवढं, खिडकी कुठल्या अंगाला, गादी कसली. बाय डोळे मिटून ऐकायची.

"गादी मऊ व्हती?"

"व्हती. पन उंच गारी, बाय. बांबू नाय बोलला."

"तुजा बांबू कंदी बोलनार, रं? मी उतानी जाईन तवा दोन बांबू येतीन, ते न मोजता नेतीन."

हसुदादा उठून पाणी प्यायला जायचे. परत यायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायचा.

मी त्यांना एकदा झापलं. म्हटलं, इतक्या गाड्या पाहिल्या, दोन बोटं उंच निघाली तर काय आभाळाला लागणार आहे का? लडाखला कोण बांबू घेऊन उभं आहे? ते बांबूच्या फडक्याची गाठ आवळत राहिले. मधल्या काळात बायची नजरही गेली होती. आधी वर्तमानपत्राची मोठी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. मला ती पावलांवरून ओळखायची. "भारेकरू आला. चपला फरफटतंय."

मग एका संध्याकाळी महाप्याहून बाइकवर परतताना मी सेक्टरातल्या पे-अँड-पार्कपाशी हसुदादांना पाहिलं. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असेल. आत जायच्या वाटेवर, मोठ्या गाड्या शिरू नयेत म्हणून पिवळी-काळी लोखंडी आडवी पट्टी आहे. हसुदादा तिच्याखाली उभे होते आणि पट्टीला बांबू लावून बघत होते. लाल फडकं बरोबर पट्टीला टेकलं होतं.

मी बाइक बाजूला घेतली. "हे काय?"

"सिमीट घातला परत. जमीन वर आली का बगतंय," ते म्हणाले.

"हसुदादा, तुम्हाला इथे यायचंय?"

त्यांनी बांबू खाली घेतला. आतल्या गाड्यांच्या रांगांकडे हात केला. "ती लाल गारी हाय ना, आनी तिच्या पल्यारची पांढरी. त्याच्या मदी आमचा खलं व्हता."

भात कापून झालं की खळ्यावर आणायचं, झोडायचं, आणि घरी नेईपर्यंत राखणीला खळ्यावरच झोपायचं, हे मला त्यांनीच मग सांगितलं. बाप मिठागरावर असायचा, म्हणून राखणीला ही दोन भावंडं. पेंढ्यात खड्डा करून निजायची. जमीन शहरासाठी घेतली गेली तेव्हा शेत गेलं, खळं गेलं. पलंगावर पडल्यापासून बायने एकच गोष्ट मागितली होती. एकदा खल्यावर झोपायचंय.

"मग न्यायचं ना. एवढ्यासाठी कॅरॅव्हॅन कशाला?"

"नेली व्हती. हातगारीवर खाट टाकून. वॉचमन बोलला, काका, माणूस अलाऊड नाय, गाडी अलाऊड." हसुदादा जरा हसले. "आपल्या खल्यावर मानसाला बंदी, सायेब. गारी लावून काय बी करा. मंग मी बोललो, गारीच आनतंय. झोपायची."

"आणि मला लांब म्हणालात."

"लांबच हाय की," ते म्हणाले. "किती वर्सं झाली, पोचलोय का?"

मी त्यांना बाइकवर मागे बसवलं. बांबू त्यांनी भाल्यासारखा धरला होता. सिग्नलला लोक बघत होते, आणि पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली नाही.

घरी येऊन मी अतिशहाण्यासारखा बायच्या पलंगाशी बसलो. म्हटलं, बाय, आता मला सगळं कळलंय. पट्टीखालून जाईल, पलंग बसेल, पंखा बसेल अशी ठेंगणी व्हॅन मी शोधून काढतो. बायने तोंड माझ्या दिशेला वळवलं.

"खल्यावर छप्पर कंदी व्हता?"

मी हसुदादांकडे पाहिलं.

"पंखा व्हता? बेशीन व्हता?" ती म्हणाली. "ह्या हसूनं माना कंदी इचारला नाय. तूय इचारला नाय, भारेकरू."

हसुदादा स्टुलावर खाली मान घालून बसले. मग पुटपुटले, "तुला उभ्या जन्मान कंदी चांगली गादी नाय भेटली, बाय. माना वाटला, या टायमाला तरी."

"पेंढा आन," बाय म्हणाली.

शेजारच्या गाळ्यातल्या, पाण्याचे जार पोचवणाऱ्याचा छोटा उघडा टेम्पो होता. टप नाही, काही नाही. चार प्रकार मी शिकवले होते, त्यांत तो नव्हता. पनवेलच्या पलीकडे अजून भात होतं, तिथून हसुदादांनी पेंढा आणला. चार भाडेकरूंनी मिळून बायला गोधडीसकट उचललं. ती इतकी हलकी होती की आम्हाला एकमेकांकडे बघवेना. थंडीचे दिवस होते, उन्हं कलत होती. मागे पेंढ्यात बाय, तिच्या उशाशी मी बांबू धरून, आणि हसुदादा पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने टेम्पो चालवत.

पट्टीपाशी वॉचमनने थांबवलं. "मागे माल काय आहे?"

बायनेच उत्तर दिलं. "माल जुना हाय. पन गारीन हाय."

तो वाकून बघून बाजूला झाला. लाल गाडीच्या जागी आज कोणीच नव्हतं. हसुदादांनी टेम्पो तिथे लावला, इंजिन बंद केलं आणि मागे चढून बायजवळ बसले. मला धास्ती होती की ती विचारील, आता इथे काय आहे, आणि हसुदादांना सांगावं लागेल.

खाडीकडून वारा सुटला. त्या वेळेला तो तिथे रोजच सुटतो. बायने गोधडीतून हात बाहेर काढला आणि बोटं पसरून धरली.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्याच्यावर भात वारवायचो. सिमीट केलाय ना सगला? माना म्हाईत हाय. वारा नाय घेतला कुनी."

हसुदादा काहीतरी बोलायला गेले. बाय म्हणाली, "झोप तू. मी हाय जागी."

आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस पेंढ्यात खड्डा करून, पाय पोटाशी घेऊन आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. बायची नजर कुठेच नव्हती, पण हात त्यांच्या डोक्यावर होता. दिवे लागले. वॉचमन आला, वेळ संपल्याचं सांगायला. बायने ओठांवर बोट ठेवलं. "निजलाय. जरा थांब, बाबा." तो थांबला, माझ्या शेजारी टेम्पोला टेकून.

"ल्हान व्हता तवा पन असाच," बाय मला हळूच म्हणाली. "राखन मी करायची. सक्काली उठून गावभर सांगायचा, मी राखन केली. मी बोलायची, व्हय, यानंच केली."

पुन्हा एकदा जायचं ठरलं होतं. पेंढा ताजा होता, टेम्पो दारात होता. पण बाय थंडी संपायच्या आत गेली.

हसुदादांनी तो टेम्पो जारवाल्याकडून विकत घेतला. हल्ली संध्याकाळी वारा सुटायच्या सुमाराला ते एकटेच तिकडे जातात. वॉचमन काही विचारत नाही. मागच्या कोपऱ्यात बांबू बांधलेला असतो, त्याचं लाल फडकं आता बरंच विटलंय. परवा मी बाइक थांबवली. ते पेंढ्यात ताठ बसले होते.

"झोपला नाहीत, हसुदादा? इथे तर तुम्हाला लगेच झोप लागते."

"लागायची," ते म्हणाले. "बाय नाय ना आता. आता खरीच राखन करावी लागते."