घरपोच सेतुमाधवराव

आमच्या खालच्या मजल्यावरचे सेतुमाधवराव दर शनिवारी सकाळी दहा ते बारा पुस्तक असतात.

हे मी मनाचं सांगत नाही, लायब्ररीच्या यादीत छापलेलं आहे. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या आमच्या शाखेने यंदा नवे उपक्रम काढले. मुलांसाठी गोष्टींचा तास, म्हाताऱ्यांना मोबाइल शिकवायचा वर्ग, जिना उतरवत नाही त्यांना घरपोच पुस्तकं, आणि 'माणूस वाचा'. या शेवटच्यात पुस्तकाऐवजी माणूस मागायचा आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसून त्याला बोलतं करायचं. एक निवृत्त नर्स आहेत, एक नादस्वरम वाजवणारे आहेत. सेतुमाधवरावांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. विषय: मराठी भाषा.

ही मराठी तंजावरची, कित्येक पिढ्या तिकडे मुरलेली. मी सांगलीचा, बँकेच्या बदलीने इथे येऊन पडलेला. इतक्या लांब मराठी माणूस भेटला म्हणून मी पहिल्या भेटीत आनंदाने विचारलं, "काय करताय?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "करताय नव्हे. काय करूलांत, म्हणून विचारणें." आणि मग माझ्या मातृभाषेचा निकाल लावला, "आमच्या मराठीस वय आहे हो. तुमच्या मराठीस नुस्ता वेग."

हे वाक्य त्यांनी मला पुढे जिन्यात ऐकवलं, भाजीच्या दुकानात ऐकवलं आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडेही ऐकवलं. तेव्हा माझं तोंड उघडं होतं, पण उत्तर देता येत नव्हतं.

पुस्तक व्हायचं म्हटल्यावर रावांनी ते रीतसर केलं. ग्रंथपाल कलैवाणी मॅडमकडून क्रमांक मागून घेतला आणि त्याची चिठ्ठी खिशावर चिकटवली. पहिल्या शनिवारी खुर्चीत असे ताठ बसले की बघून माझीच कंबर भरून आली. म्हटलं, "राव, जरा टेका."

"पुस्तक उभं ठेवणें. आडवं ठेवलं म्हणजे बांधणी जाते."

बांधणी राहिली, पण वाचक येईना. त्यात फळ्यावरच्या तमिळ अक्षरांनी घोळ घातला. तमिळ लिपीत प, ब आणि भ या तिघांत एकच अक्षर. त्यामुळे 'मराठी भाषा'ची झाली 'मराठी बाशा', आणि आमच्या मागच्या गल्लीत बाशाभाई मिक्सर दुरुस्त करतात. तिसऱ्या शनिवारी एक बाई मिक्सरचं भांडं घेऊन रावांसमोर बसल्या. पातं फिरत नाही म्हणाल्या. रावांनी त्यांना अर्धा तास पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि त्यांची आपल्या घरातली सगळी नावं सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कधी मिळेल?"

कलैवाणी मॅडमनी ही नोंद धरली नाही. त्यांचाही इलाज नव्हता. तीन महिन्यांत एकही खरा वाचक आला नाही, तर नाव यादीतून काढायचं, असा नियम होता.

हे कळल्यापासून राव जिन्यात नुसती मान हलवून जाऊ लागले. वयाचा आणि वेगाचा हिशेब बंद झाला. मला वाटलं होतं त्याने सुटल्यासारखं होईल, पण मला ते अजिबात आवडलं नाही. त्यांचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला अंबत्तूरला, त्याच्या घरी सगळं तमिळमध्ये चालतं. या माणसाने जपून ठेवलेलं बोलणं उतरवायचं कुठे? शेवटी मी म्हटलं, "राव, मीच तुम्हाला मागतो."

"तुम्ही रोज फुकट वाचूलांत. ओळखीचा वाचक धरत नाहीत. पोदुम." पोदुम म्हणजे पुरे. त्यांनी दार लावून घेतलं.

शेवटचा शनिवार उरला होता. आदल्या दिवशी मॅडमचा मला फोन आला. "सार, मागणी आलीय. पण अडचण आहे."

घरपोच पुस्तकं घेणाऱ्यांत गंगाबाई म्हणून एक होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, गुडघ्यांमुळे घरातच अडकलेल्या. त्यांनी नवी यादी वाचली आणि सगळ्या वेस्ट मांबलममध्ये त्या एकट्यांनी 'बाशा'चं बरोबर 'भाषा' वाचलं. निरोप आला: हे पुस्तक घरी पाठवा.

"पुस्तकं आम्ही पिशवीतून पाठवतो," मॅडम म्हणाल्या. "यांना कसं पाठवू?"

मी स्कूटर काढली.

रावांच्या खिशात चार पानांचं टिपण होतं. वाटभर मागे बसून त्यांनी त्याची उजळणी केली. गंगाबाई आरामखुर्चीत वाट बघत होत्या. राव समोर बसले, घसा साफ केला, टिपण उलगडलं. गंगाबाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"हे काय हो? शर्टाचं बटण कोठं टाकलांत? असंच गावभर हिंडूलांत? घरांत सांगणारं कोणी नाही की?"

रावांचा हात गळ्याशी गेला. वरचं बटण खरंच नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

मग गंगाबाईच बोलल्या. नीट बसणें, कॉफी गार करूं नका, इतकं वाळून कसं चालेल. राव "होय, होय" म्हणत राहिले. अर्धा तास उलटला, तासही उलटला. टिपणाची घडी पुन्हा खिशात गेली.

परतताना सिग्नलला मागून त्यांचा आवाज आला, "बायको जाऊन चार वर्षं झालीं. त्यानंतर आमच्या मराठीत मज कोणी रागावलं नव्हतं."

सिग्नल सुटला तरी मी तिथेच उभा, आणि मागचे हॉर्न वाजवू लागले.

नोंद धरली गेली, नाव यादीत राहिलं, आणि पुढच्या आठवड्यात गंगाबाईंनी तेच पुस्तक पुन्हा मागवलं. शनिवारी मी खाली गेलो तर राव तयार होऊन उभे. शर्ट कडक इस्त्रीचा. वरचं बटण नव्या दोऱ्याने घट्ट लावलेलं होतं. त्याच्या खालचं मात्र नव्हतं, आणि तिथला दोरा कात्रीने सरळ कापलेला दिसत होता.