दहापासून सुरू होणारा टेप

माप घेण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडलं ते वाचून तुम्ही भलतंसलतं बोलाल, म्हणून आधीच!

आमच्या हौशी सुतार मंडळाचा मी अध्यक्ष. सभासद तीन. निवृत्त गणिताचे मास्तर आराखडे काढतात, दातांचे डॉक्टर लाकूड कापतात आणि मी मापं घेतो व भाषण करतो. मंडळ भरतं डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या गॅरेजात. करवत चालू झाली की पुढे बसलेले निम्मे पेशंट दुखणं विसरून घरी जातात! समाजसेवाही करतो आम्ही. बागेत आम्ही केलेला बाक आहे. लोक लांबून बघायला येतात, बसत मात्र कुणी नाही.

मंडळाचा टेप एकच आणि तो दहापासून सुरू होतो. झालं असं की, मागे एक फळी कापताना तिच्याखाली टेपचं टोक आलं आणि फळीबरोबर पहिले दहा सेंटिमीटर गेले. करवत माझ्याच हातात होती. नवा टेप घ्यायचा तर जुना कसा गेला ते सभेच्या वहीत लिहावं लागलं असतं, म्हणून मी एक सोपा नियम काढला. टेपवर जो आकडा दिसेल त्यातून दहा वजा करायचे. हाय काय आणि नाय काय!

आता सासूबाईंकडे येतो. सासूबाई आमच्याकडे राहतात आणि दोन वर्षांपासून चाकांच्या खुर्चीत आहेत. चौकातल्या वाचनालयाला दारात दोन पायऱ्या. कुणी उचलून आत न्यायला तयार झालं की त्या म्हणत, "मी काय कपाट आहे उचलायला? जाईन तर माझी मी जाईन." त्यामुळे दोन वर्षं त्यांची पुस्तकं मी आणत होतो. एक रहस्यकथा तर मी तीनदा आणली. तिसऱ्यांदा त्या शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, खून माळ्यानेच केलाय. अजूनही."

त्या दिवशी मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. आयुष्यभर वाचत आलेल्या बाईला स्वतःचं पुस्तक स्वतः निवडता येऊ नये! मी जाहीर करून टाकलं, "आई, येत्या रविवारी तुम्ही खुर्चीतून थेट कपाटापर्यंत जाल. आमचं मंडळ रॅम्प बांधतंय!"

बायको म्हणाली, "अहो, तो बागेतला बाक आठवा."

मी दुर्लक्ष केलं. संसारात ते यायलाच लागतं.

वाचनालयाच्या उंबरठ्याची उंची मी स्वतः मोजली. टेपवर बेचाळीस. दहा वजा, बत्तीस! खुर्ची, वर सासूबाईंची कोपरं, सगळं धरून रुंदी शंभर. दहा वजा, नव्वद! स्वच्छ अक्षरात लिहून कागद मास्तरांना दिला. मास्तरांनी आराखडा काढला, डॉक्टरांनी त्याबरहुकूम लाकूड कापलं, मी ठोकाठोकी केली. दोन्ही बाजूंना दणकट कठडे लावले, निळा रंग दिला.

"जरा बुटका वाटत नाही?" मी शनिवारी विचारलं.

"गॅरेजचं छत उंच आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याखाली सगळंच बुटकं दिसतं." पटलं मला.

रविवारी टेम्पो उशिरा आला. वाचनालयासमोर पन्नासएक माणसं जमलेली. आम्ही घाईघाईने रॅम्प दाराला लावला आणि ग्रंथपालबाईंनी उत्साहाने आतून बाहेरपर्यंत लांबलचक लाल गालिचा अंथरला. गालिच्याने उंबरठाही झाकला, रॅम्पही झाकला. मी भाषण केलं. 'परावलंबन' हा शब्द मी नऊ वेळा वापरला.

सासूबाईंनी फीत कापली आणि चाकांना हात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची कशी सरसर वर निघाली! "चढ जाणवतसुद्धा नाही!" कुणीतरी म्हणालं. "याला म्हणतात हातखंडा!" मी मान लववली.

आणि दारापाशी 'ठक्' झालं.

खुर्ची थांबली. सासूबाईंनी वाकून हाताने गालिचा बाजूला सारला. रॅम्प जिथे संपत होता तिथून उंबरठा चांगला वीतभर वर उभा होता.

"जावईबापू," त्या मागे न बघता म्हणाल्या, "इथे दोन पायऱ्या होत्या. तुम्ही त्यांची एक मोठी केलीत."

"आई, जरा मागे घेता का?"

त्यांनी चाक मागे ओढलं. खुर्ची किंचित तिरकी झाली आणि दोन्ही कठड्यांच्या मध्ये पाचरीसारखी गच्च बसली. ना पुढे, ना मागे! डॉक्टरांनी मागून जोर लावला. दात असता तर निघाला असता. खुर्ची निघेना.

"उचलूया का?" गर्दीतून आवाज आला.

"हात लावून बघा!" सासूबाई गरजल्या. आवाज परत आला नाही.

मी मास्तरांना कोपऱ्यात घेतलं. "मी बत्तीस लिहिले होते. बत्तीसचं काय झालं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "अध्यक्ष, तुम्ही दहा वजा करायला विसरला असाल असं मला वाटलं. तुम्हाला चारचौघांत कशाला विचारा! म्हणून मीच गुपचूप वजा केले. बावीस."

"अहो, पण रॅम्प तर बाराच आहे! आणखी दहा कुठे गेले?"

डॉक्टर घाम पुसत आले. "मी काही वजाबिजा केलेलं नाही हं! कागदावर बावीस होते, टेपवर बावीस दिसले तिथे कापलं."

"कुठल्या टेपवर?"

"आपल्याच. दुसरा कुठेय?"

म्हणजे दहापासून सुरू होणाऱ्या टेपवर बावीस! लाकूड हातात आलं बारा! आणि रुंदीतूनही तसेच वीस गेले होते. मग मी मास्तरांवर ओरडलो, मास्तर डॉक्टरांवर ओरडले आणि डॉक्टरांनी टेप कुणी कापला होता हा जुना विषय काढला. लोक रॅम्प सोडून आमच्याभोवती जमले.

"भांडण झालं असेल तर इकडे या," सासूबाईंनी हाक मारली. आम्ही तिघे ओळीने जाऊन उभे राहिलो. त्या आत बघत होत्या. समोर पाच पावलांवर कपाटं होती, आणि त्या एकेका कप्प्यावरून नजर फिरवत होत्या. इतक्या जवळ आणून मी त्यांना बाहेर ठेवलं होतं. मला मान वर करवेना.

"बेचाळीस मोजलेत कशाने?" त्यांनी विचारलं.

"टेपने, आई."

"आणि कापलंत कशाने?"

"त्याच टेपने," डॉक्टर म्हणाले.

"मग वजा कशाला करायचं? त्याच टेपने बेचाळीस मोजायचं, त्याच टेपने बेचाळीसवर कापायचं. माप बरोबरच येणार की!"

मास्तरांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. ते बराच वेळ हवेत बोटाने काहीतरी लिहीत होते. मग त्यांनी हवेतलंच पुसलं.

"आता कठडा कापा," सासूबाई म्हणाल्या, "आणि कापताना मोजू नका."

अर्ध्या तासाने त्या सुटल्या. आत न जाताच घरी आल्या आणि मला एक शब्दही बोलल्या नाहीत. ते फार लागलं.

पुढच्या आठवड्यात दुसरा रॅम्प केला. मोजताना आणि कापताना टेपचं एक टोक सासूबाईंच्या हातात होतं. वजाबाकीला बंदी. रविवारी ना गालिचा, ना फीत, ना भाषण. खुर्ची वर गेली, उंबरठ्यावरून अलगद आत सरकली आणि थेट कपाटाशी थांबली. मी मागोमाग निघालो तर त्या वळल्या. डोळे भरलेले होते, आवाज मात्र नेहमीचाच. "तुम्ही बाहेर थांबा. पुस्तकं मी निवडणार आहे."

दोन तास झाले तरी त्या आतच. मी रॅम्पवर बसून होतो. खिशात टेप होता. सहज चाळा म्हणून रॅम्पची उंची मोजली. बेचाळीस! उंबरठा तर बत्तीसचा! मी तडक मास्तरांना फोन लावला. "मास्तर, घात झाला! रॅम्प दहाने उंच झालाय!"

पलीकडे कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला.

"अध्यक्ष," मास्तर म्हणाले, "दहा वजा करा."