तांबड्या मोटारीच्या प्रस्थानाची हकीकत

श्री. जी ठिणगीत प्रकटते आणि ऐन वेळी दडते, त्या आदिशक्तीस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन मास, ते समयी एके राज्यात रंगराव सरकार नांदत होते. राज्य म्हणजे एक बंगला, मागे पत्र्याची पागा, आणि पागेत थोरल्या सरकारांची, म्हणजे रंगरावांचे तीर्थरूपांची, तांबडी विलायती मोटार, दोन आसनांची, शर्यतीच्या जातीची. थोरले सरकार कैलासवासी जाहले ते दिवसापासून ती ताडपत्रीखाली निद्रिस्त. रंगरावांस ती हाकता येईना आणि टाकवेना, सबब दर दसऱ्यास यंत्रावरील टप, म्हणजे बॉनेट, वर करोन यंत्राची यथासांग पूजा करीत. मग राणीसाहेब सुमतीबाई यांणी निर्वाणीचे सांगितले की, जुन्या मोटारींचे गिऱ्हाईक नागोजीराव सरनौबत मोटार पाहावयास येताती, त्यांचे देखत ती स्वतःचे पायांनी फाटकाबाहेर गेली तर त्यांची, न गेली तर भंगारवाल्याची. आणि भंगारवाल्यास त्याच दिवशी बोलाविले.

सरकारांस अन्न गोड लागेना. थोरल्या सरकारांची मोटार हातगाडीवरोन तुकड्या-तुकड्यांनी जाणार, हे डोळ्यांपुढोन हालेना. मग उस्मान मिस्त्री यांस पाचारण केले. त्यांणी नवी बॅटरी बसविली, नवे पेट्रोल घातले, किल्ली फिरविली, आणि मोटार एक वेळ शिंकली आणि पुन्हा मौन धरिले. मग मिस्त्रींनी कार्बुरेटर खोलिला आणि बहुत वेळ आत पाहात राहिले.

"सरकार, यात खिचडी कोणी शिजवली?"

"उंदीर असतील," सरकार वदले.

"आणि कुंकू? तेही उंदरांनीच लावलं?"

मग सरकारांनी खरे ते सांगितले. हवेची जाळी थोरल्या सरकारांनी धुवावयास काढिली होती ती हरवली, आणि उघडे राहिलेले छिद्र हेच यंत्राचे मुख ऐसे समजोन रंगरावांनी दर दसऱ्यास त्यात अक्षता आणि साखरेचा नैवेद्य घातला होता. उपाशी कशी ठेवावी, ऐसा विचार. मिस्त्रींनी सर्व धुतले आणि मोटार चालू जाहली; परंतु बजावले की, नवी जाळी येईतो मुख उघडे आहे, आणि आता बंद पडली तर पुन्हा चालू होईल ऐसा भरवसा आपण देत नाही.

मग तो दिवस उगवला. भंगारवाला तराजू घेवोन फाटकाशी बसला आणि मोटारीकडे सासूने सुनेकडे पाहावे तैसे पाहो लागला. सरनौबत आले, सोबत त्यांच्या मातोश्री आल्या. मोटार घुरघुरत होती, सरनौबत प्रसन्न जाहले, आणि सरकारांस प्रथमच पुरता श्वास आला. इतक्यात मातोश्रींनी पिशवीतोन पूजेचे ताट काढिले.

"टप उघडा हो. यंत्राला अक्षता वाहिल्याशिवाय आमच्यात गाडी हलवत नाहीत."

मिस्त्री पांढरे पडले. टप वर गेला. मातोश्रींनी मूठ भरली. आणि तेव्हा सरकार पुढे धावले आणि घुरघुरत्या यंत्रावर लवोन दोन्ही तळवे आडवे धरोन त्या मुखाचे वर आपुले मस्तक नेले, आणि मूठभर अक्षता सरकारांचे टकलावर पडल्या.

मातोश्रींचे डोळे भरोन आले.

"किती जीव गुंतलाय हो यांचा."

"होय," सरकार आतोन बोलले, आणि हलले नाहीत. कारण एक दाणा कानामागे अडकला होता. मिस्त्रींनी तो अलगद काढिला, टप लाविला, आणि मोटार आपुले पायांनी फाटकाबाहेर गेली. वळणावरोन भोंगा ऐको आला. थोरले सरकार वाजवीत तैसाच, दोन वेळ. मग सरकार तेथेच पायरीवर बसोन रडले, आणि भंगारवाल्याने त्यांस आपुल्या बाटलीतले पाणी दिले.

एणेप्रमाणे मोटार सुखरूप गेली, पागा रिकामी जाहली, राणीसाहेब संतुष्ट जाहल्या. पुढील दसऱ्यास पूजेस यंत्र उरले नाही म्हणोन सरकारांनी स्वयंपाकघरातील मिक्सर पूजिला. तो हल्ली मिस्त्रींकडे आहे.