काकूंनी दाबायचा ब्रेक

अमरावतीत मी भास्करकाकांकडे खोली घेऊन राहतो. काकू बाजाराला ऑटोने जातात आणि त्यांच्या ऑटोमागे काका मोटारसायकल घेऊन जातात. मागची सीट रिकामी. परततानाही तसंच, फक्त तेव्हा काकांच्या हँडलला भाजीची पिशवी लटकत असते.

आधी मला वाटलं, दोघांत भांडण असेल. तसं नव्हतं. मागे अचलपूरच्या रस्त्यावर काकांच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक ऐनवेळी लागला नाही. काकू पडल्या, हात मोडला. हात जुळला, पण त्या पुन्हा गाडीवर बसेनात. "ब्रेक कडक लागन, तवाच बसीन," एवढंच त्यांचं म्हणणं.

तेव्हापासून काका हँडलवरचा, ब्रेकला ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर दर काही दिवसांनी घरीच खोलतात. मेकॅनिकवर विश्वास नाही. आंघोळ करून ओसरीत बसतात. समोर स्टीलचं ताट. त्यात पिस्टन, स्प्रिंग, रबरी वॉशर, सगळं निघालं त्याच क्रमाने.

"पंखा बंद कर बे! धूळ बसते. अन् पेट्रोल इकडं आणू नोको, रबर फुगते."

स्वच्छ ब्रेक ऑइलने ते एकेक रबर असं पुसतात, की बघताना माझाही श्वास थांबतो. जोडून झालं की ऑइल भरून ब्रेकची लिव्हर हळूहळू दाबायची. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. काका तिची समजूत काढतात, "निंघ, माय, निंघ. कावून अडून राहिली?"

"माह्याशी एवढं गोड बोलले असते तं!" काकू आतून म्हणतात.

मग त्या कणकेचा हात पुसत येतात, लिव्हर दाबतात आणि म्हणतात, "मऊ लागते."

काका पुन्हा पाना उचलतात. मी एकदा गुपचूप लिव्हर दाबून पाहिली. दगडासारखी कडक होती. पण बोलायची हिंमत झाली नाही.

परवा बडनेऱ्याला काकूंच्या भाचीकडे बारसं होतं. काकू नवं लुगडं नेसून बाहेर आल्या, लिव्हर दाबली. "कडक आहे. चाला."

काका जागचे हलले नाहीत. मग चावी माझ्यापुढे धरली. "तूच सोडून दे तिले. मले काम आहे."

"कोन्तं काम?" काकू म्हणाल्या.

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "पुन्हा पाडलं तं?"

"तं दोघंई पडू. हेल्मेट आणा."

काका आत गेले. मी न राहवून विचारलं, "काकू, ब्रेक तर आधीपासूनच कडक होता ना?"

"पहिल्याच दिवशी झाला होता, बाबू. मले मांगं बसवाचं म्हटलं की तुह्या काकायचे हात थरथरत होते, म्हून मी मऊ म्हणत होती."

"आणि आज?"

"आजबी थरथरतेत." काकूंनी पदर खोचला. "पण किती दिस वाट पाहाव? मांगून घट्ट धरून बसीन."