हात कानाला लागला का?

आमच्या गल्लीत नवं मूल दिसलं की किशनमामा त्याचं नाव विचारत नाहीत. त्याचा उजवा हात धरतात, डोक्यावरून पलीकडे नेतात आणि बोटं डाव्या कानाला टेकतात का ते बघतात. टेकली तर म्हणतात, "पाड लागला. घाला शाळंत." नाही टेकली तर, "कच्चं हाय. ऱ्हाऊ द्या झाडाला."

पूर्वी खेड्यातले गुरुजी असंच वय ठरवायचे. हात कानाला लागला की पहिलीत. ती पद्धत कधीच गेली, पण मामांना कुणी कळवलेलं नाही. जन्माच्या दाखल्यावर त्यांचा विश्वास नाही. "कागद काय, कुणी बी लिहितंय. हात खोटं बोलत न्हाई."

मामा मुदखेडकडच्या खेड्यातले. सगळा जन्म नांदेडात केळीच्या वखारीत गेला. बंद खोलीत हिरवे घड कसे हळूहळू पिवळे होतात, हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याचे डोळे मिटावेत. आता काम सुटलं आहे. दिवसभर लिंबाखाली बाज टाकून बसतात. उन्हाळ्याच्या दुपारी नदीकडून गरम वारा येतो, सगळी दारं बंद असतात, समोरची भिंतसुद्धा पाण्यात बुडाल्यासारखी हलताना दिसते. त्या गुंगीत एकच आवाज येतो, "ये माय, हात दाव."

माझी रेवा उशिरा झालेली. मी दवाखान्यात नर्स आहे, पाळ्या कधी सकाळच्या तर कधी रात्रीच्या. नवरा बदलीच्या गावी. त्यामुळे घरामागच्या शाळेत तिला पहिलीत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर लातूरला बहिणीकडे ठेवायची, असं मी ठरवून टाकलं होतं. रडारड करून जागा मिळत नाही.

हे ऐकून मामा बाजेवरून उठूनच बसले.

"लातूरला? एवढं लेकरू?"

"पर्याय काय, मामा?"

त्यांनी लगेच रेवाचा हात डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या जरा वरच थांबली. मामांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून रेवा आमच्या पेरूच्या फांदीला लोंबकळायला लागली.

"मामा, असे हात लांबत नसतात."

"बाई, तुम्ही सुया टोचा. पिकवायचं मला बघू द्या."

लोंबकळून झालं की केळ, केळ खाऊन झालं की पुन्हा हात. मामा स्वतः करून मात्र कधी दाखवत नसत. त्यांचं उजवं कोपर वाकडं आहे. जुनं मोडलेलं, तसंच जुळलेलं. अशी कोपरं मी रोज बघते. बघितलं आणि विसरले.

उन्हाळा चढता चढता रेवाची बोटं कानाला टेकली. वाढत्या वयात टेकतातच. मामांनी गल्लीभर सांगितलं.

शाळेने कळवलं होतं, मुलाखत वगैरे काही नाही, नुसत्या गप्पा. त्या गप्पांसाठी झाडून सगळे आईबाप इस्त्रीचे कपडे घालून घाम पुसत बसले होते. आमचा नंबर आला. बाईंनी विचारलं, "नाव काय बेटा तुझं?" रेवाने हात डोक्यावरून नेला, कान धरला आणि तशीच बसली.

"अगं, कान का धरलास?"

"मला पाड लागलाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

"बरं, केळ्याचा रंग कोणता?"

"वखारीत घालायच्या आधीचा का नंतरचा?"

लातूरच्या बसचं काय ते बघावं, असं मनात म्हणत मी घरी आले. पण दोन-चार दिवसांनी निरोप आला, मुलगी घेतली.

पेढे घेऊन आम्ही लिंबाखाली गेलो. मामांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

"कान बघितला का त्यांनी?"

"मीच दाखवला," रेवा म्हणाली. "आता तुम्ही दाखवा."

"ऱ्हाऊ दे की."

"दाखवा ना!"

मामांनी उजवा हात उचलला. तो कपाळापर्यंत आला आणि तिथेच अडला.

"न्हाई जात, माय. लहानपणी गाडीवरून पडलो. गुरुजी म्हणले, कानाला लागंना, पुढल्या साली ये. पुढल्या साली गेलो तर पुन्हा तेच. मंग बापानं धरून वखारीत लावलं."

"मग या हाताने धरा की," रेवाने डाव्या हाताकडे बोट दाखवलं.

"शुभ कामाला डावा हात कोण लावतंय?" मामा म्हणाले. मग पेढ्याकडे बघत, "गुरुजी उजवाच म्हणले होते."

गुरुजींना सुचलं नव्हतं. बापाला नाही, मामांना इतक्या वर्षांत नाही. कोपर रोज बघून मलाही नाही.

मामांनी पेढा बाजेवर ठेवला. डावा हात उचलला, पांढऱ्या केसांवरून सावकाश पलीकडे नेला. बोटं कानाला लागली. नुसती लागली नाहीत, सगळा कान मुठीत आला.

रेवाने दोन्ही बाजूंनी नीट तपासलं.

"पाड लागला," ती म्हणाली. "घाला शाळंत."

माझ्या पोळ्या व्हायच्या होत्या. मी घरात आले, तवा ठेवला. खिडकीतून बघितलं तर समोरची भिंत उन्हात हलत होती. रेवा मामांच्या वाटचा पेढा खाऊन पेरूवर चढली होती. मामा लिंबाखाली डोळे मिटून ताठ बसले होते. कान अजून सोडला नव्हता.