मागल्या रांगेचे परबकाका

परबकाकांना जगातल्या एकाही हुकूमशहाचं नाव धड सांगता येत नाही. हुकूमशाहीवरचे माहितीपट मात्र त्यांनी इतके पाहिलेत की इतिहासाच्या मास्तरांनी त्यांच्यापुढे कान पकडावेत. त्यांच्या लेखी सगळे हुकूमशहा तीनच: मिशीवालो, चष्मेवालो आणि जाडो.

करी रोडची आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा काका माझ्या शेजारी आले. वय अठ्ठ्याहत्तर, काकी गेलेल्या, मूलबाळ नाही. रविवारी जेवण उरकलं की माझी बेल वाजते. "लाव गो," म्हणत ते टीव्हीसमोर स्टूल ओढतात. टीव्ही त्यांच्याकडेही आहे, माझ्यापेक्षा मोठा. तरी इकडेच का येतात, हे कळायला मला वर्ष लागलं.

पडद्यावर मिशीवालो मुठी आपटत असतो, समुद्राएवढी गर्दी टाळ्या पिटत असते, आणि काका मला फिल्म थांबवायला लावतात. मग चष्मा कपाळावर चढवून नाक पडद्याला टेकवतात. "फुडलो सोड गो, मागलो बघ." मागे कुणी टोपीवाला शेजाऱ्याकडे घाबरून बघत टाळ्या वाजवत असतो. ह्या लोकांना काकांनी नावंही दिलीत. परदेशातल्या कुठल्याशा चौकात हात बांधून उभी असलेली जाडी बाई म्हणजे सावंतीण. ती पुढच्या फिल्ममध्ये दिसली नाही तर काका आठवडाभर चिंतेत: "खंय नेल्यानी तिका?" कॅमेरा दुसरीकडे वळला असेल, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट चहा ठेवायला उठले.

एका रविवारी माहितीपटात एक जुना फोटो दाखवला. मग तोच फोटो, मिशीवाल्याशेजारचा माणूस पुसून टाकल्यानंतरचा. त्या दिवशी काकांनी थांबवायला सांगितलं नाही. टीव्ही चालूच राहिला आणि ते बोलत राहिले.

तरुणपणी ते फिल्म कापून जोडायचं काम करत. तेव्हा थिएटरात सिनेमाआधी पुढाऱ्यांच्या सभांच्या छोट्या फिल्म लावत, त्या काकांच्या टेबलावरून जात. साहेबाचा हुकूम एकच होता, गर्दीत आंबट तोंड दिसलं की कापा. एकदा मिलच्या दारातली सभा आली. गर्दीत त्यांचे वडील, हात बांधून उभे. त्याच आठवड्यात मिलमधल्या वडिलांच्या खात्यातले अकरा जण घरी बसवले होते. काकांची नोकरी पक्की व्हायची होती. त्यांनी स्वतःचा बाप कापला, दोन सेकंदांचा, आणि जोड अशी बेमालूम दिली की साहेबाने पाठ थोपटली.

वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं, तुमच्यावर कॅमेरा फिरला. धुवट सदरा घालून, बायकोला आणि खोलीतल्या गाववाल्यांना घेऊन ते लालबागच्या थिएटरात गेले. तीनदा.

"बापूस तीनय येळा म्हणालो," काका म्हणाले, "माजोच डोळो लागलो असतलो."

त्यांनी वडिलांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो तुकडा केव्हाच कचऱ्यात गेला. म्हणून हे माहितीपटवाले त्यांना देवमाणसं वाटतात, टाकलेले तुकडे शोधून परत जोडणारे. मी त्यांचा गार झालेला चहा उचलून नेला.

गेल्या महिन्यात सोसायटीने बिल्डरचा सत्कार केला. लिफ्ट आठवड्यातून दोन दिवस चालते, तरी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. काका शेवटच्या खुर्चीत हात बांधून बसले होते. मग सेक्रेटरींनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला, संगीत-बिंगीत लावून. सवयीने मी मागची रांग बघितली. काकांची खुर्चीच नव्हती. शेजारच्या खुर्चीतल्या पाटकरांच्या टाळ्या मात्र दोनदा दाखवल्या होत्या.

माझं डोकं फिरलं. माझ्या फोनमध्येही सत्काराचा एक हललेला व्हिडिओ होता. तो घेऊन मी पहिल्यांदा काकांची बेल वाजवली. आत मोठ्या टीव्हीसमोर दोन खुर्च्या होत्या. एकीची बैठक झिजलेली, दुसरीवरचं दुकानातलं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

शेवटची रांग आली तिथे मी व्हिडिओ थांबवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाशी नेला.

"मी बापाशीसारखो दिसतंय गो," ते म्हणाले. मग फोन न सोडताच, "ह्यो तुकडो ठेव."

ठेवते, म्हटलं. आणि दुसऱ्या खुर्चीवरचं प्लास्टिक काढून बसले.