हॉल रिकामा, माणसे पाच

"आपलं अ‍ॅप कधीही खोटं बोलणार नाही!" पुष्करने असे जाहीर केले, तेव्हा वैजनाथने हातातला वडापाव खाली ठेवला. वैजनाथ वडापाव खाली ठेवतो म्हणजे प्रसंग गंभीर समजायचा.

होताच गंभीर. दुपारी कॉलेजचे प्रकल्प बघणाऱ्या सत्यशीला मॅडम येणार होत्या. कल्पना पसंत पडली तर प्रकल्प मंजूर. नाहीतर तिघांची रवानगी सुदर्शनच्या टीममध्ये. आणि सुदर्शनच्या हाताखाली काम करण्यापेक्षा काकांच्या दुकानात उदबत्त्या विकेन, असे पुष्करने भर कॅन्टीनमध्ये सांगून ठेवले होते!

सकाळपासून कल्पना निघत होत्या. वैजनाथचे अ‍ॅप कॅन्टीनमध्ये वडे तळायला पडले की शिट्टी मारणार होते. उत्कर्षाचे अ‍ॅप कोणत्या सरांचा मूड कसा आहे ते रंगाने दाखवणार होते. पण लाल सोडून दुसरा रंग लागेना.

मग पुष्करला सुचले: रिकामी खोली! अभ्यासाला, भांडायला, प्रेमाला, कॉलेजात सगळ्यांना रिकामी खोली लागते, आणि ती कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसते. खोलीत एक जुना फोन ठेवायचा. सुरुवातीचा आकडा आपण भरायचा. पुढे 'आलो', 'येतो', 'येते' कानावर पडले की फोन एक माणूस वाढवणार. 'गेलो', 'जातो' ऐकले की एक कमी करणार. 'किती जण?' विचारले की आकडा सांगणार.

"शब्द बरोबर आहेत ना रे?" उत्कर्षाने विचारले.

"मराठी मला नको शिकवूस. मी शनिवार पेठेतला आहे!"

फोनला आवाज उत्कर्षाचाच होता. रेकॉर्ड करताना तिला जबर सर्दी झाली होती, त्यामुळे विहिरीच्या तळातून कुणीतरी सावकाश वर येत असल्यासारखा तो वाटे.

चाचणीसाठी जुना ड्रॉइंग हॉल निवडला. लोणी काळभोरच्या शेतांकडे तोंड करून बसलेला, कॉलेजच्या अगदी टोकाचा. भिंतीशी पांढऱ्या चादरी टाकलेले ड्रॉइंगचे फळे उभे होते. जेवणे आटोपल्याचे नुकतेच कळलेल्या लग्नातल्या पाहुण्यांसारखे.

"इथं कुणीच का बसत नाही राव?" वैजनाथने दबक्या आवाजात विचारले.

"वायफाय नाही म्हणून."

पुष्करने आकडा भरला: तीन. वैजनाथ म्हणाला, "चहा घेऊन येतो." उत्कर्षा म्हणाली, "मॅडमना घेऊन येते." दोघे गेले. पाठोपाठ वीजही गेली. पंखा कण्हत कण्हत थांबला. बाहेर लख्ख ऊन होते, पण ते खिडकीशीच थबकले होते. आत यायला तयार नव्हते.

सहज चाळा म्हणून पुष्करने विचारले, "किती जण?"

"पा...च," फोन म्हणाला.

पुष्करने स्वतःला मोजले. एक. खात्रीसाठी पुन्हा मोजले. एकच भरला. मग त्याची नजर चादरींवर गेली.

चादरी चार होत्या.

वारा नव्हता. तरी कडेची चादर हळूच आत ओढली गेली, कुणीतरी श्वास घ्यावा तशी. पुष्कर दोन पावले मागे सरला. पण संस्कार जागे होते. तो हात जोडून म्हणाला, "माफ करा, आपण बसलेले आहात हे माहीत नव्हतं. बरं... येतो हं मी."

दारापाशी पोचून त्याने मागे न बघता विचारले, "कि... किती जण?"

"स...हा."

म्हणजे आणखी एक आला होता! पुष्कर जिन्यावरून असा सुटला, की वैजनाथच्या हातातला सगळा चहा भिंतीने प्यायला.

"मॅडम! आत सहा जण आहेत!"

"कोणत्या वर्षाचे?" मॅडमनी शांतपणे विचारले.

"दिसत नाहीत!"

"मग शेवटच्या वर्षाचे."

मॅडमनी आत जाऊन एकेक चादर उचलली. फळे निघाले. उत्कर्षाने कपाळावर हात मारला.

"पुष्कर, मी निघताना काय म्हणाले?"

"मॅडमना घेऊन... येते."

"वैजनाथ?"

"चहा घेऊन येतो."

"आणि तू?"

पुष्करचा हात कानाकडे गेला. 'जातो' म्हटल्याबद्दल लहानपणी आईने पिरगाळलेला त्याचा कान आत्ता, इतक्या वर्षांनी, पुन्हा दुखू लागला.

"अरे शनिवारपेठे, आपल्यात 'येतो' म्हणतो तोच जात असतो!"

वैजनाथने 'येतो' आणि 'येते' वजाबाकीत टाकले, आकडा भरला: चार. मॅडम खूश झाल्या. "मंजूर! पण महिनाभर चाचणी इथेच. टीमप्रमुख पुष्करने रोज एकट्याने बसायचं. बरं, येते मी."

"किती जण?"

"ती...न," फोन म्हणाला. अगदी बरोबर! उत्कर्षाही 'येते' म्हणून निघाली. वैजनाथ उरलेला वडापाव तोंडात कोंबून हात हलवत गेला. पुष्करने दप्तर उचलले, "येतो" म्हटले, आणि शून्य ऐकण्यासाठी ऐटीत विचारले, "किती जण?"

"ए...क."

तोंड भरलेला वैजनाथ 'येतो' म्हणालाच नव्हता, हे पुष्करला सुचले. पण बस हडपसरला पोचल्यावर.

तरी दुसऱ्या दिवशी तो हॉलऐवजी सुदर्शनसमोर उभा होता.

"जागा आहे की!" सुदर्शन दात काढून म्हणाला. "किती जण?"

पुष्करने एकदा मागे वळून पाहिले.

"एकच," तो म्हणाला. "बहुतेक."